मूल नैतिकदृष्ट्या मोठं झालं, हे ठरवायचं कशावरून?

मुलांच्या नैतिक विकासावर काहीही वाचायला घ्या, जाड पुस्तक असो नाहीतर पालकांसाठीचा दोन पानी लेख, कोलबर्ग ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सांगितलेल्या नैतिक विचारांच्या सहा पायऱ्या त्यात येतातच. शिक्षक होणारे त्या पाठ करतात, पेपरात लिहितात आणि मग वर्गातल्या पोरांकडे बघून मनातल्या मनात नंबर देतात, हा दुसरीवर, ती तिसरीवर. मला ह्यातली एक गोष्ट बरेच दिवस खटकतेय आणि ती नीट मांडायची म्हणून ही पोस्ट. मूल 'वर' गेलं असं म्हणायचं तर वर काय आहे ते आधी ठरलेलं पाहिजे ना? ते काही मानसशास्त्र एकट्याने ठरवू शकत नाही, ते नीतिशास्त्राकडून उसनं आणावं लागतं, आणि तिकडे तर ह्या प्रश्नावर आजही एकमत नाहीये.

आधी कोलबर्गचं थोडक्यात सांगते. १९५८ च्या पीएचडीसाठी लॉरेन्स कोलबर्ग शिकागोमधल्या १० ते १६ वयाच्या ७२ मुलांशी बोलला (फक्त मुलगे, मुली नव्हत्याच, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). त्यांना तो पेचात टाकणाऱ्या गोष्टी सांगायचा. सगळ्यात गाजलेली हाइन्झची. हाइन्झची बायको कॅन्सरने मरणाच्या दारात आहे, औषध एकाच केमिस्टकडे आहे, तो ते बनवायच्या खर्चाच्या दहापट भाव लावतोय, हाइन्झने कसेबसे निम्मे पैसे जमवले, उरलेले नंतर देतो म्हणाला तरी केमिस्ट ऐकत नाही, शेवटी हाइन्झ दुकान फोडून औषध नेतो. बरोबर केलं का? आता मूल हो म्हणतं की नाही म्हणतं ह्याला कोलबर्गच्या लेखी महत्त्व नव्हतं, 'का' ह्याचं उत्तर काय देतं ते तो बघायचा. पोलीस पकडतील म्हणून चोरू नये, ही पहिली पायरी. त्याला बायको हवीय ना मग चोरू दे, ही दुसरी. चांगला नवरा असंच करेल, ही तिसरी. सगळ्यांनीच कायदा मोडला तर समाज चालणार कसा, ही चौथी. कायदे माणसांनीच सगळ्यांच्या हितासाठी ठरवलेत, ते बदलताही येतात, आणि जगण्याचा हक्क त्यांच्याही आधीचा, ही पाचवी. आणि सहावी म्हणजे ज्यात आपण कोणाच्याही जागी असलो तरी मान्य करू असं एखादं तत्त्व.

ह्या यादीकडे आता नीतिशास्त्राच्या बाजूने बघा. पाचव्या पायरीवर सामाजिक करार आहे (नियम म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेला करार) आणि बेंथम-मिल ह्या इंग्रज तत्त्वज्ञांचा उपयुक्ततावाद आहे, म्हणजे जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं. सहावीवर जर्मन तत्त्वज्ञ कांट, ज्याचं म्हणणं सगळ्यांनीच पाळावं असं वाटेल त्याच नियमाने वागा, आणि त्याच्याच वाटेने पुढे गेलेला अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स, ज्याचं न्यायावरचं मोठं पुस्तक १९७१ ला आलं. म्हणजे कांटवाले आणि मिलवाले इतकी वर्षं भांडतायत, दोन्हीकडे हुशार, विचारी, वय झालेली माणसं आहेत, आणि इथे ते भांडण एका स्कोअरिंग शीटवर निकालात काढलंय, कांट वर आणि मिल खाली. कोलबर्गला ह्याची जाणीव नव्हती असं नाही हं. त्याच १९७१ साली त्याने 'आहे' पासून 'असायला हवं' पर्यंत, म्हणजे मुलं कसा विचार करतात ह्यावरून कसा करायला हवा इथपर्यंत, कसं पोचायचं ह्यावर निबंध लिहिला, आणि त्याचं म्हणणं असं की वरची पायरी विचार म्हणूनच जास्त भक्कम असते, खालच्या पायरीला न सुटणारे पेच तिला सुटतात, म्हणून मुलं वाढताना तिकडे जातात. बाजू प्रामाणिकपणे मांडलीय, मला त्याबद्दल आदरच आहे. पण सहाव्या पायरीवरची माणसं इंटरव्ह्यूंमध्ये जवळपास सापडेचनात आणि पुढे स्कोअरिंगच्या मॅन्युअलमधून ती पायरी वगळावी लागली. टोकच हाताला लागलं नाही तर दिशा कशी ठरवायची?

कोलबर्गच्या आधी स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे होता, आणि मला स्वतःला पियाजे जास्त आवडतो कारण तो मुलांबरोबर गोट्या खेळायला बसला. खरंच. १९३२ च्या त्याच्या पुस्तकात स्वित्झर्लंडमधली मुलं गोट्यांचे नियम कसे सांगतात, कोणी बनवले म्हणतात, बदलता येतील का, हे सगळं आहे. लहानांना नियम म्हणजे मोठ्यांकडून आलेली, हात न लावायची गोष्ट वाटते, दहा-अकराच्या पुढे कळायला लागतं की आपण सगळे मिळून ठरवलं तर नियम बदलतो. त्याच पुस्तकात कपांची गोष्ट आहे, एका मुलाच्या हातून दार उघडताना चुकून १५ कप फुटतात, दुसऱ्याच्या हातून गुपचूप जॅम काढताना एकच फुटतो, जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणतात १५ वाला. ह्यावरून काही जण चटकन म्हणतात बघा, लहान मूल परिणामवादी असतं, म्हणजे कृतीचं बरंवाईट तिच्या परिणामावरून ठरवतं, आणि मोठं झालं की हेतू बघायला लागतं. मला हे पटत नाही. मिलचा परिणामवाद म्हणजे मोडतोड मोजणं नव्हे. आत्ता समोर असलेल्या पर्यायांतून कशाने कोणाचं किती भलं होईल ह्याचा आधीच विचार करणं, आणि तो करायला हेतू, अंदाज, दुसऱ्याच्या मनातलं, सगळं लागतं. चार वर्षांचं मूल १५ कपांना घाबरतं ते आई किती रागावेल ह्या हिशोबाने. शिवाय पियाजेच्या गोष्टींत हेतू आणि नुकसान दोन्ही एकदमच बदलत होतं. पुढच्या लोकांनी ते सुटं करून विचारलं, हेतू स्पष्ट दाखवला, तेव्हा तीन वर्षांची मुलंही हेतू धरून बोलतात असं दिसलं. म्हणजे आधी परिणाम मग हेतू अशी सरळ रांग नाहीच. दोन्ही आहेत, फक्त लहान वयात दोन्ही एकदम डोक्यात धरता येत नाहीत.

मग १९८२ ला कॅरोल गिलिगन. कोलबर्गबरोबरच काम केलेली मानसशास्त्रज्ञ बाई, आणि तिने त्या ७२ मुलग्यांवर बोट ठेवलं. तिच्या पुस्तकात जेक आणि एमी अशी दोन ११ वर्षांची मुलं आहेत (नावं बदललेली असणार). जेक म्हणतो जीव पैशापेक्षा मोठा, चोरावं. हिशोब सुटला. एमी म्हणते चोरू नये, पण बायकोलाही मरू देऊ नये, दुसरा काहीतरी मार्ग असेल, उसने घ्यावेत, केमिस्टशी परत बोलावं, कारण हाइन्झ तुरुंगात गेला आणि ती पुन्हा आजारी पडली तर तिच्याजवळ कोण? कोलबर्गच्या शीटवर एमी जेकच्या खाली जाते कारण ती 'प्रश्नाचं उत्तर देत नाही'. गिलिगन म्हणते ती वेगळाच प्रश्न बघतेय, हक्क कोणाचा मोठा हा नव्हे, ह्या माणसांमधलं नातं कसं टिकवायचं हा. ह्यातून काळजीचं नीतिशास्त्र उभं राहिलं, १९८४ ला नेल नॉडिंग्जने ते शिक्षणात आणलं. आता गिलिगनचा मुली असा विचार करतात आणि मुलगे तसा हा भाग पुढच्या अभ्यासांत फारसा टिकला नाही, फरक निघाला तो अगदी किरकोळ, आणि मला तर बरंच वाटलं. पण तिचा मुख्य मुद्दा तसाच उभा आहे. एमी कमी वाढलेली नव्हती. मोजणाऱ्याने मोजायला काय घ्यायचं ते आधीच ठरवलं होतं.

आता मला ज्याच्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय तो म्हणजे मानसशास्त्रज्ञ इलियट ट्युरिएल. ह्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. शाळेत गणवेशाशिवाय येणं चूक आहे का? मुलं म्हणतात हो. मग समजा अशी शाळा आहे जिथे टीचरच म्हणतात चालेल, तर? मग चालेल. बरं, दुसऱ्याला ढकलणं चूक आहे का? हो. आणि समजा टीचर म्हणाले की आमच्या शाळेत ढकललं तरी चालेल, तर? तरी नाही चालणार, त्याला लागेल ना. साडेतीन-चार वर्षांपासूनच मुलं हा फरक करायला लागतात. म्हणजे कोलबर्गच्या हिशोबाने जे मूल अजून शिक्षेच्या भीतीवर अडकलेलं असायला हवं ते आत्ताच सांगतंय की काही गोष्टी कोणी परवानगी दिली तरी चुकीच्याच. ह्याच वाटेने काम करणाऱ्या लॅरी नुचीने हे आणखी ताणून नेलं, धार्मिक घरांतल्या ज्यू आणि ख्रिश्चन मुलांना विचारलं की देवानेच चोरी करायला सांगितली असती तर ती बरोबर ठरली असती का? आणि बहुतेक मुलं नाही म्हणाली. हा प्रश्न ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'युथिफ्रो' ह्या संवादातला आहे हो, चांगलं ते देवाला आवडतं म्हणून चांगलं की चांगलं आहे म्हणून देवाला आवडतं, चोवीसशे वर्षं तत्त्वज्ञ त्यावर डोकं लावतायत आणि एखादं मूल पाय हलवत हलवत त्यावर आपली बाजू सांगून टाकतं.

आणि नीट बघा, ढकलण्याबद्दल बोलणाऱ्या त्या मुलाने काय केलं. 'कोणी सांगितलं तरी नाही' हा आग्रह कांटच्या जातीचा आहे, परवानगीवर न टेकणारा. पण कारण काय दिलं? 'त्याला लागेल ना.' हे मिलच्या जातीचं आहे, दुसऱ्याच्या सुखदुःखाचं. आणि ते म्हणताना चेहरा कसा होतो ते बघितलं असेल तर नॉडिंग्जही तिथेच आहे. एकाच वाक्यात तिन्ही. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की नैतिक सिद्धांत म्हणजे मूल एकामागून एक चढत जाईल अशा पायऱ्या नाहीत. माणसाला सुरुवातीपासून जे चार-पाच प्रकारे टोचतं त्यातलं एकेक वेगळं काढून, धार लावून, पूर्ण पद्धत बनवली की एकेक सिद्धांत होतो. मुलात ते सगळं आधीच गुंतलेलं असतं. वाढतं ते काय, तर कुठे काय लागू आहे ह्याची समज, आणि दोन गोष्टी एकमेकींना आडव्या आल्या की काय करायचं ह्याची.

आडव्या येण्याचं उदाहरण म्हणून समान वाटपाचं बघा, फार सुंदर प्रयोग आहे. ॲलेक्स शॉ आणि क्रिस्टिना ओल्सन ह्यांनी २०१२ मध्ये सहा ते आठ वर्षांच्या मुलांना पाच खोडरबर दिले, दोन मुलांनी खोली आवरलीय, त्यांना वाटायचे. दोन दोन दिले, एक उरला. एकाला द्यायचा की कचऱ्यात टाकायचा? मुलं बहुतेक करून कचऱ्यात टाका म्हणाली. उपयुक्ततावादी माणूस हे ऐकून कळवळेल, एकाचं तरी भलं होत होतं आणि कोणाचं नुकसान नव्हतं! तत्त्वज्ञानात समतेविरुद्ध हाच आक्षेप घेतात, की सगळे सारखे व्हावेत म्हणून कोणाचाच फायदा न होता वरच्याला खाली आणणं कसलं चांगलं, आणि वाचताना वाटतं असा हट्ट प्रत्यक्षात कोण करणार. सहा वर्षांचं मूल करतं. पण तेच मूल, दोघांतल्या एकाने जास्त काम केलंय असं कळलं की उरलेला खोडरबर त्याला देऊन टाकतं. म्हणजे आंधळा हट्ट नाहीये, कारण नसताना भेद नको इतकंच ते म्हणतंय. ह्याच्या जोडीला २०१५ चा सात देशांमधला एक अभ्यास आहे, भारतातली मुलंही होती त्यात. आपल्याला कमी मिळालं की नाकारणं सातही ठिकाणी दिसलं, पण आपल्याला जास्त मिळत असताना 'नको, हे बरोबर नाही' म्हणणं फक्त तीन ठिकाणी दिसलं आणि तेही मोठ्या वयात. पहिलं आपसूक येतं, दुसरं आजूबाजूचे काय करतात त्यावर बरंच अवलंबून आहे असं मी त्यावरून समजते.

बाळांबद्दल थोडं, कारण ते नेहमी विचारलं जातं. २००७ च्या एका प्रयोगात सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांनी मदत करणारं खेळणं निवडलं, अडवणारं नाही, आणि मग 'बाळं जन्मतःच नीतिमान' अशा बातम्या झाल्या. पुढे बऱ्याच लॅब्सनी एकत्र येऊन तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला, २०२४ मध्ये छापून आला, त्यात तशी निवड दिसली नाही. त्यामुळे त्या टोकाला मी जाणार नाही. दीड वर्षाचं मूल अनोळखी माणसाची पडलेली वस्तू उचलून देतं, हे मात्र वार्नेकेन आणि टोमासेलोंनी २००६ ला छान दाखवलंय.

आणि ह्याच दोघांचा २००८ चा प्रयोग प्रत्येक घरात माहीत असायला हवा असं मला वाटतं. वीस महिन्यांच्या मुलांना मदत केल्यावर काहींना खेळणं बक्षीस दिलं, काहींचं नुसतं कौतुक केलं, काहींना काहीच नाही. नंतर बक्षीसवाल्यांची मदत कमी झाली. कांटच्या शिक्षणावरच्या व्याख्यानांत, जी १८०३ ला छापली गेली, ही भीती स्पष्ट आहे, की चांगलं वागलं की बक्षीस आणि वाईट वागलं की शिक्षा असंच चालवलंत तर मूल चांगलं वागेल ते आपल्याला चांगलं मिळावं म्हणून, आणि मग बाहेरच्या जगात चांगलं वागूनही काही मिळत नाही हे दिसलं की फक्त स्वतःचं बघणारा माणूस तयार होईल. घरोघरी लावलेले स्टार चार्ट (चांगलं वागलं की तक्त्यावर एक चांदणी) बघून मला हेच आठवतं. दात घासायला लावा हो चार्ट, काही बिघडत नाही. धाकट्याला सांभाळून घेतलं म्हणून स्टार नका देऊ.

पण मग नुसतं तत्त्व समजलं की झालं का? इथे ॲरिस्टॉटल लागतोच. चार वर्षांच्या मुलाला चोरी चूक आहे का विचारलं तर हो म्हणतं, आणि चोरलेलं चॉकलेट घेऊन जाणाऱ्याला कसं वाटत असेल विचारलं तर म्हणतं मस्त वाटत असेल! १९८८ ला नुनर-विंकलर आणि सोडियन ह्यांनी हे मांडलं, आठच्या आसपासची मुलं म्हणतात त्याला वाईट वाटेल. मधल्या चार वर्षांत नियम तोच राहिला, माहिती तीच राहिली, पण योग्य गोष्टीचा आनंद आणि अयोग्य गोष्टीची टोचणी मनात रुजली. ॲरिस्टॉटल हेच तर म्हणतो, की न्यायाने वागून वागून माणूस न्यायी होतो, आणि वाढवणं म्हणजे कशात आनंद वाटावा आणि कशात दुःख हे लहानपणापासून वळण लावणं. फक्त 'प्रामाणिक मूल' असं एकदा शिक्का मारला की झालं असं समजू नका. १९२० च्या दशकात हार्टशोर्न आणि मे ह्यांनी हजारो शाळकरी मुलांना कॉपी करायची, खोटं बोलायची, पैसे उचलायची संधी देऊन बघितलं आणि एका ठिकाणी फसवणारं मूल दुसऱ्या ठिकाणी सरळ वागतं असं पुन्हा पुन्हा आढळलं. मला ह्याने निराश व्हायला होत नाही. सवय प्रत्येक जागी वेगळी लावावी लागते, एवढाच अर्थ मी काढते, अभ्यासातली वेगळी आणि खेळातली वेगळी.

मग रोज घरात आपण काय बोलतो? मार्टिन हॉफमन ह्या मानसशास्त्रज्ञाने शिस्तीचे तीन प्रकार सांगितले, दम देणं, प्रेम काढून घेणं (जा, मी नाही बोलणार तुझ्याशी), आणि तिसरा म्हणजे तुझ्या वागण्याने समोरच्याला काय झालं ते दाखवून देणं. पहिल्या दोन्हीत मुलाचं लक्ष स्वतःवर जातं, माझं काय होईल, आई परत बोलेल ना. तिसऱ्यात ते समोरच्या माणसाकडे वळतं. आणि मुलाला ढकलणं का चूक हे स्वतःहून दिसतच असतं, आपण त्याच्या चांगल्या कारणावर 'बाबा ओरडतील' हे त्याहून हलकं कारण आणून ठेवतो, हे मला फार लागतं. प्रत्येक वेळी एकच कारण द्यायचीही गरज नाही. मारामारीत 'बघ त्याला किती लागलंय' हेच योग्य. रांगेत घुसल्यावर कोणाला लागलेलं नसतं, तिथे 'सगळेच घुसले तर?' हे विचारायचं, आणि तो कांटचा प्रश्न लहान मुलांनाही छान कळतो. खेळात हरताना नियम बदलणाऱ्याला 'तू जिंकत असतास तर हाच नियम चालला असता का?' हा रॉल्सचा प्रश्न. नावं सांगायची नाहीत अर्थात. पण कुठल्या वेळी कुठला प्रश्न हे आपल्याला समजायला हवं, आणि त्यासाठी हे सिद्धांत मोठ्यांनी वाचायला हवेत असं मला अगदी मनापासून वाटतं.

अकरा-बाराच्या पुढे मुलं खरे पेच आणतात. माझ्या भाच्याने विचारलं, मावशी, मित्राने शप्पथ घालून सांगितलं की मोठी मुलं त्याला रोज त्रास देतात, कोणाला सांगू नकोस, मी सांगू का? दिलेला शब्द आहे, मित्राचं भलं आहे, त्याचा विश्वास आहे, आणि आपण कसले मित्र हाही प्रश्न आहे. एका सिद्धांताने चटकन उत्तर देता येतं, कुठल्याही, आणि प्रत्येक वेळी काहीतरी महत्त्वाचं पायाखाली येतं. आम्ही बराच वेळ बोललो. तो म्हणाला आधी मित्राकडेच जातो, सांगतो की हे मी एकट्याने पोटात ठेवू शकत नाही, तू चल माझ्याबरोबर टीचरकडे, आणि नाही आलास तरी उद्या मी जाणार, पण तुला न सांगता नाही जाणार. मी विचारलं आणि चिडला तर? म्हणाला चिडू दे, दोन दिवस चिडेल.